सदर इसम सायकलसह

खडी ही आपल्याकडे रस्त्यावर पसरायची वस्तू नाही, ती रस्त्याच्या कडेला ढीग घालून ठेवायची असते. एका निवडणुकीच्या आधी ढीग पडतो. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यावर गवत उगवतं, शेळ्या चढतात, संध्याकाळी पोरं बसून मोबाईल बघतात, आणि कुणाच्या घराचं जोतं भरायचं निघालं की सरकारीच आहे म्हणून पाटी-पाटीनं ती खडी नाहीशी होते. या खडीवरून हौसेनं सायकल चालवायची आणि त्यासाठी वेगळी सायकल विकत घ्यायची, हे वेड परदेशातून आलं आणि पन्नाशी ओलांडलेल्या, स्वतःच्या गुडघ्यांची फारशी ओळख नसलेल्या माझ्यासारख्या माणसांना येऊन चिकटलं.

या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. लांबून ती शर्यतीची वाटते, जवळ गेलं की टायर जाड दिसतात. चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद. आपल्या क्रशरवरही चाळीस एमएमची खडी मिळते, तेव्हा सामना बरोबरीचा होईल असा माझा हिशोब होता. टायरमध्ये ट्यूब नसते, पांढरा चीक भरलेला असतो. काटा घुसला की चीक बाहेर येऊन भोक आपोआप बुजतं, असं दुकानातल्या मुलानं सांगितलं. सांगताना त्यानं माझ्याकडे न बघता दाराबाहेर बघितलं, पण तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

या प्रकाराची पंढरी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी आहे. तिथं २००६ पासून खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची, म्हणजे तीनशेवीस किलोमीटरची शर्यत होते. भोवतीच्या फ्लिंट हिल्समधली चकमकीची खडी इतकी धारदार की टायर फाटतात, आणि माणसं ते अभिमानानं सांगतात. इटलीत तोस्काना भागातल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिक शर्यत चालते, ती सिएना शहरातल्या चौकात संपते. म्हणजे ज्यांचे सगळे रस्ते चांगले झाले, त्यांनी थोडे वाईट रस्ते जपून ठेवले. आपण मागे नाही. आपण त्याला शर्यत न म्हणता 'काम प्रगतिपथावर आहे' म्हणतो, एवढंच.

हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग एवढं लांब कशाला जाता? आपल्या सोसायटीच्या दारात खोदून ठेवलंय की. तिथंच चालवा, येता-येता कोथिंबीरही आणा."

पण मला निसर्ग हवा होता आणि रहदारी नको होती. निवड वाईची केली. पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाचं कार्यालय, एवढी पुण्याई असलेलं गाव, आणि पश्चिमेला धोमचं धरण, त्याच्या पाण्याभोवती पांडवगड, कमळगड, केंजळगड असे डोंगर उभे. शनिवारी पुण्या-मुंबईच्या मोटारी वाईतून पसरणीच्या घाटाला लागतात आणि पाचगणीपर्यंत एकमेकींच्या मागे उभ्या राहून निसर्गाचा आनंद घेतात. मी त्यांच्यातला नव्हतो. मी आदल्या रात्री जागून उपग्रहाचा नकाशा धुंडाळला होता. धोमच्या डाव्या कालव्याच्या काठानं मुरमाचा रस्ता जातो. पाटबंधारे खात्याच्या गाड्यांसाठी केलेला, म्हणजे पूर्ण मोकळा. आणि त्या कालव्यावरून एक मातकट रंगाची तुटक रेषा फुटते, उसाच्या हिरव्या चौकोनांमधून नागमोडी धावते आणि थेट धरणाच्या बाजूला निघते. तुटक रेषा म्हणजे कच्चा रस्ता. कच्चा रस्ता म्हणजे खडी. रेषा इतकी देखणी होती की मी तिचा फोटो काढून ऑफिसातल्या मंडळींना पाठवला.

जानेवारीची सकाळ होती. मोटार वाईत लावली, सायकल उतरवली, अंगात घट्ट कपडे होतेच. या खेळाच्या चड्डीला आत गादी शिवलेली असते. सायकलवर बसल्यावर तिचा उपयोग होतो, उतरून चालताना मात्र लोक आपली चौकशी करतात. चहाच्या टपरीवर एकानं सायकलीला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "बॅटरी कुठं असते हिची?" बॅटरी नाही म्हटल्यावर, "मग केवढ्याला पडली?" या प्रश्नाला माझी तीन उत्तरं तयार असतात. एक बायकोसाठी, एक शेजाऱ्यांसाठी आणि एक अनोळखी माणसांसाठी. खरा आकडा कुठल्याच उत्तरात नाही. मी तिसरं उत्तर दिलं. त्यावर तो म्हणाला, "एवढ्यात जुनी एम-ऐंशी आली असती की. पेट्रोलसकट."

मेणवलीवरून पुढे गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, घाटावरची ती वसईच्या मोहिमेनंतर आलेली चर्चची घंटा, हे सगळं बघण्याजोगं आहे, पण तिथं माणसं होती आणि मी माणसं टाळायला निघालो होतो. 'स्वदेस' सिनेमाचं चित्रीकरण याच गावात झालं. त्यात नायक अमेरिकेतून येतो आणि गावाला वीज देऊन जातो. मी पुण्यातून येऊन या पंचक्रोशीला काय दिलं, ते पुढे येईलच.

कालव्याचा रस्ता खरोखर सुंदर होता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला जमणार नाही. आवर्तन सुटलेलं, कालवा काठोकाठ भरून मुकाट वाहत होता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, मधे हळदीचे सुकत आलेले पिवळे तुकडे, आणि समोर पांडवगडाच्या माथ्यावर नुकतं ऊन पडत होतं. मुरूम दबून चांगला घट्ट झालेला. चाकाखाली बारीक करकर आवाज येत होता. त्या आवाजासाठी लोक कॅन्ससला जातात, आणि मला तो वाई तालुक्यात मिळत होता, या विचारानं मी थोडा जोरात चालवू लागलो.

मग पाइप सुरू झाले. कालव्यातून शेतात पाणी घ्यायला रस्त्यात आडवा पाइप टाकायचा आणि त्यावर मातीचा उंचवटा करायचा, ही तिथली पद्धत. पाइप अधिकृत किती आणि बाकीचे किती, हे विचारायचं नसतं. दर थोड्या अंतरावर एकेक उंचवटा. पहिल्यावर मी उडालो, मजा वाटली. दहाव्यावर चड्डीतल्या गादीची मर्यादा कळली. एका घाटावर बायका कपडे धूत होत्या. मी थांबून मोबाईलमध्ये रेषा बघत होतो, पुढे जात होतो, परत येऊन बघत होतो. त्यांतली एक वयस्कर बाई म्हणाली, "भाऊ, काय हरवलं काय?" मी म्हटलं, रस्ता शोधतोय. तिनं मी ज्याच्यावर उभा होतो त्या रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पुढचं लुगडं आपटायला घेतलं.

रहदारी नाही हेही मला थोडं सुधारून सांगितलं पाहिजे. मोटारी नव्हत्या. मेंढ्या होत्या. समोरून सगळा रस्ता भरून कळप आला. पाणी आणि ऊस यांच्या मधे तेवढीच जागा, आणि ती मेंढ्यांनी व्यापलेली. मागे घोडी, घोडीवर संसार, संसारावर पाय बांधलेल्या कोंबड्या. मी शहाणपणानं ब्रेक दाबले. सायकल थांबली. अडचण एवढीच की या सायकलीला बूट पेडलमध्ये अडकवायचे असतात आणि उतरण्याआधी टाच बाहेर मुरडून ते सोडवायचे असतात. हे वाक्य मला आत्ता लिहिताना जितकं स्पष्ट आठवतंय, तितकं तेव्हा आठवलं नाही. उभा खांब आडवा व्हावा तसा मी जागच्या जागी, पूर्ण सावकाश, कालव्याच्या उलट्या बाजूला कलंडलो. उलट्या बाजूला, म्हणून हा लेख लिहितोय. मेंढ्यांनी मला ओलांडून जायचं ठरवलं. कळप संपला तेव्हा धनगर माझ्याजवळ थांबला, पाय अडकवलेला मी आणि सायकल यांच्याकडे निरखून बघत म्हणाला, "बांधून घिऊन का बसता?"

त्यानंतर लवकरच मोबाईलनं डावीकडे वळायला सांगितलं. एक मोरी होती, तिच्यावरून पाणंद खाली उतरत होती. सुरुवातीला बैलगाडी जाईल एवढी रुंद. मग ट्रॅक्टर जाणार नाही एवढी. मग दोन्ही अंगांचा ऊस वर एकमेकांना भेटला आणि मी हिरव्या बोगद्यात शिरलो. पाचट, पाणी, गारवा, वर तुऱ्यांच्या पांढऱ्या रांगा. तुरे किती छान दिसतात, म्हणून मी त्यांचाही फोटो काढला. उसाला तुरा आला की रस आटतो, वजन घटतं आणि शेतकऱ्याची झोप उडते, हे मला थोड्याच वेळात समजणार होतं.

पुढे पाणंद संपली. म्हणजे संपली नव्हती, बाभळीच्या काट्या टाकून बंद केली होती. चांगल्या कमरेइतक्या काट्या, वर जुन्या साडीचा तुकडा बांधलेला. पलीकडे वाट पुन्हा दिसत होती आणि मोबाईलमधली रेषाही बिनदिक्कत पलीकडे जात होती. ज्या रस्त्यावर रहदारी नाही, त्यावर ती नसण्याचं काहीतरी कारण असतं, हा विचार पुण्यात बसून उपग्रहाचा नकाशा बघणाऱ्याला सुचत नाही. मी सायकल डोक्यावर उचलली आणि काट्यांच्या कडेनं पलीकडे नेऊन टेकवली. टेकवली ती नेमकी एका फांदीवर.

फुस्स झालं आणि पुढच्या टायरातून पांढरा चीक उडाला. दुकानातला मुलगा म्हणाला ते खरं होतं, चीक बाहेर येतो. भोक मात्र बुजलं नाही, कारण बाभळीच्या काट्यासमोर त्या कंपनीनं कधी परीक्षा दिलेली नसावी. तो चीक माझ्या तोंडावर, चष्म्यावर, छातीवर बसला. मी अंगठा भोकावर दाबून उभा राहिलो. अशा अवस्थेत उसातून एक म्हातारे बाहेर आले. हातात विळा, डोक्याला टॉवेल.

"कुटं निगालायसा, पाव्हणं?"

मी चीक पुसत म्हटलं, "इथून पुढं धरणाकडं रस्ता आहे ना?"

त्यांनी विळा खाली ठेवला. मला वाटलं ऐकू कमी येतंय, म्हणून मोठ्यानं म्हटलं, "रस्ता! इथून रस्ता आहे ना?"

"आरं ये!" ते मागे वळून उसात ओरडले. "या समदी हिकडं! हे पुन्याचं पाव्हणं बगा काय म्हंत्यात! हितनं रस्ता हाय म्हंत्यात!"

उसात एवढी माणसं मावतात याची मला कल्पना नव्हती. गावाचं नाव इथं देत नाही, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. विळेवाले म्हणजे तात्या. त्यांचं शेत आतल्या अंगाला. बाहेरच्या अंगाचं शेत त्यांच्या चुलतभावाचं, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आजोबांच्या काळापासून या पाणंदीनं गाड्या जात, असं तात्यांचं म्हणणं. दिवाळीनंतर अण्णांनी काट्या टाकल्या. आता तात्यांचा ऊस तोडीला आलेला, तुरे फुटलेले, कारखान्याची टोळी यायला तयार आणि ट्रॅक्टर आत न्यायला वाट नाही.

तात्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण कलमं तोंडपाठ. त्यांनी मला उभ्या-उभ्या शिकवलेलं असं. असलेला रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावायचा. आणि रस्ता मुळात नसेलच, तर बांधावरून नवा मागायचा. त्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३. तात्यांनी कलम पाचखाली दावा लावला होता. अण्णांचं म्हणणं, इथं रस्ता कधी नव्हताच, हवा असेल तर एकशेत्रेचाळीसखाली रीतसर मागा, मग बघू. म्हणजे सगळा दावा एकाच प्रश्नावर टेकलेला होता की इथं रस्ता होता की नव्हता. आणि त्याच दिवशी मंडळ अधिकारी आणि भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, जागेवर पंचनाम्याला येणार होते. अशा मुहूर्तावर पुण्याहून एक तिऱ्हाईत माणूस, ज्याचा कुणाशी सोयरसंबंध नाही, काट्या ओलांडून येतो आणि मोठ्यानं विचारतो की रस्ता आहे ना.

तात्यांनी मला बसायला घोंगडी टाकली.

अण्णा आले. उंच, शांत, पांढऱ्या टोपीतले. त्यांनी मला नमस्कार केला आणि विचारलं, "तुमाला कुनी सांगितलं, हितं रस्ता हाय म्हनून?"

मी मोबाईल दाखवला. तो हातोहात फिरला. तात्यांच्या बाजूची मंडळी उजळली. "बगा! सॅटेलाइटला बी रस्ता दिसतोय!" अण्णांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत दिला. म्हणाले, "मोबाईल काय बी दावतो. माज्या मोबाईलात आत्ता पाऊस पडतोय म्हनून दावतंय." सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ निरभ्र होतं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण उसात बसलेल्या वीस-पंचवीस माणसांना आपल्यापेक्षा नकाशातलं कमी कळतं अशी भावना झाली की पुणेकराला बोलावंच लागतं. मी समजावून सांगू लागलो. म्हटलं, हा नकाशा कुठल्या कंपनीचा नाही, तो जगभरातली माणसं मिळून बनवतात. कुणीही आपल्या गावची वाट, ओढा, देऊळ त्यात घालू शकतं. किती लोकशाही, बघा!

"कुनी बी?" अण्णांनी विचारलं.

"कुणीही," मी उत्साहानं म्हटलं. "मोबाईलवरूनसुद्धा."

"मंजी उसात बसून बी रेग मारता येती?"

"अगदी सहज."

शांतता पसरली. मग हळूहळू सगळ्यांच्या माना तात्यांच्या नातवाकडे वळल्या. पोरगं इंजिनिअरिंगला होतं, सुट्टीला आलेलं. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतं. तात्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. घोंगडी कुणी काढून घेतली नाही, पण तिची ऊब कमी झाली.

तेवढ्यात साहेब आले. सोबत भाऊसाहेब, काखेत गुंडाळलेला गावनकाशा. तो नकाशा बांधावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली. आणि मी वाकून बघितलं तर त्यातही तुटक रेषा! माझ्या मोबाईलात एकेरी होती, इथं दुहेरी. भाऊसाहेबांनी सांगितलं, एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. तात्या सरसावले. पण त्या दोन रेषा अण्णांच्या बांधाच्या अलीकडून जात होत्या की पलीकडून, यावर पुन्हा वाद झाला, कारण कागदाची घडी नेमकी तिथंच पडली होती आणि घडीवर शाई उडालेली. गावनकाशात ज्या ठिकाणी भांडण असतं त्याच ठिकाणी घडी पडते, असं भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या नोकरीचा तो अनुभव असावा.

मंडळ अधिकारी कंटाळलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला बघून विचारलं, हे कोण. वेगवेगळ्या दिशांनी वेगवेगळी उत्तरं आली. तात्यांचा एक पुतण्या म्हणाला, "साहेब, रस्ता वहिवाटीचा हाय का न्हाय, ते चालवूनच बगा की. पाव्हन्यांची सायकल हायच. सायकल जातीया मंजी वाट हाय." अण्णा म्हणाले, "चालंल. बगूच."

मी म्हटलं, पुढच्या चाकात हवा नाही. नातवानं, अपराधाची भरपाई म्हणून असेल, माझ्याच पिशवीतली ट्यूब काढून, चीक पुसून, पंप मारून दहा मिनिटांत चाक उभं केलं. पोरगं हुशार आहे, रेघसुद्धा त्यानं सरळ मारली होती. आता माझ्याकडे कारण उरलं नाही.

काट्या बाजूला ओढल्या गेल्या. दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. समोर वाट जवळजवळ साफ होती, फक्त आदल्या रात्री अण्णांच्या उसाला पाणी दिलेलं आणि ते थोडं वाटेवर आलेलं. मुद्दाम आलं की आपलं आपण, हाही एक मुद्दा नंतर निघाला. मी बूट अडकवले. तात्या म्हणाले, "पाव्हणं, बिगी-बिगी जावा." अण्णा म्हणाले, "सावकाश जावा, घाई न्हाय." मी दोघांचंही ऐकलं. आधी बिगी-बिगी गेलो, मग चिखल दिसल्यावर सावकाश झालो, आणि चिखलात सावकाश झालेली सायकल उभी राहत नाही. टाच बाहेर मुरडायची, हे या खेपेला आठवलं, पण डाव्या पायाचं आठवलं आणि मी उजवीकडे पडलो.

पंचनाम्याची नक्कल माझ्याकडे नाही, पण तो मोठ्यानं वाचून दाखवल्यावर खाली मी सही केली आहे, त्यामुळे मजकूर चांगला लक्षात राहिला. तो साधारण असा: "समक्ष जागेवर पाहणी करीत असता पुणे येथील एक इसम, वय अंदाजे ५५ ते ६०, सायकलसह मिळून आले. त्यांना येण्याचे कारण विचारता 'सहज फिरायला आलो' असे सांगितले. सदर इसमाने उभय पक्षांच्या संमतीने सायकल चालवून दाखविली असता, अंदाजे वीस फुटांवर ते सायकलसह पश्चिमेकडील उसात पडले. सदर पडणे रस्त्यामुळे की चालविण्यामुळे, याबाबत उभय पक्षांत एकमत नाही."

वयाबद्दल मी हरकत घेतली. भाऊसाहेब म्हणाले, 'अंदाजे' लिहिलंय की.

जेवण हा पुढचा पेच. मी तात्यांचा साक्षीदार, त्यामुळे त्यांच्याकडे जेवायचं, असं तात्यांचं म्हणणं. मी पडलो अण्णांच्या उसात, तेव्हा कपडे धुऊन, जेवून जायचं ते अण्णांकडे, असं अण्णांचं. मी एकाकडे जेवलो तर दुसऱ्याचा वकील त्याचं काय करील, याचा मंडळ अधिकाऱ्यांनी गांभीर्यानं विचार केला आणि 'मला पुढं दुसरी पाहणी आहे' म्हणून निघून गेले. शेवटी मला तात्यांच्या पडवीत बसवलं. दोन्ही घरांची परसदारं एकाच भिंतीनं जोडलेली. आत भाकरी थापल्याचा आवाज भिंतीच्या दोन्ही अंगांना. तात्यांच्या घरची आमटी आली, आणि पाठोपाठ भिंतीवरून एक हात वांग्याच्या भरताची वाटी घेऊन आला. ती वाटी तात्यांच्या मंडळींनी काही न बोलता घेतली आणि रिकामी वाटी चटणी भरून परत केली. ही देवाणघेवाण दाव्यात कुठं नमूद नव्हती. भरीत अप्रतिम होतं. भाकरी मी किती खाल्ल्या ते दोन्ही बाजूंनी मोजलं असणार.

धरणापर्यंत सायकलनं जायचा विषय आता कुणी काढला नाही, मीही नाही. हँडल वाकडं झालेलं आणि उजवा गुडघा सुजलेला. अण्णांच्या उसाची एक खेप भरून कारखान्याकडे निघाली होती. ते म्हणाले, सायकल टाका ट्रॉलीवर, वाईच्या फाट्याला उतरवतो. तात्यांना हे मान्य नव्हतं. साक्षीदार प्रतिवादीच्या ट्रॅक्टरवर बसून गेला तर तो फितूर ठरतो. बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला तो असा: सायकल अण्णांच्या ट्रॉलीवर, आणि मी तात्यांच्या पुतण्याच्या एम-ऐंशीवर मागे.

तर डांबरी रस्त्यावर आमची मिरवणूक निघाली. पुढे ट्रॅक्टर, त्यावर कर्कश आवाजात गाणी, मागे दोन ट्रॉल्या, दुसऱ्या ट्रॉलीत उसाच्या मोळ्यांवर दोरीनं बांधलेली माझी परदेशी सायकल, तिच्यावर नजर ठेवून मागोमाग एम-ऐंशी, आणि एम-ऐंशीवर चीक आणि चिखल यांनी चट्टेपट्टे पडलेला मी. सायकल पडेल या भीतीनं मी पुतण्याला ट्रॅक्टरच्या पुढे जाऊ देत नव्हतो. आमच्या मागे पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या मोटारींची रांग लागली. वाकून बघितलं तर शेवट दिसत नव्हता. सगळे हॉर्न वाजवत होते. एका मोटारीच्या काचेतून एक गृहस्थ बाहेर डोकावून माझ्याकडे बघत ओरडला, "अहो, जरा बाजूला घ्या की! रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

पुतण्या शांतपणे म्हणाला, "ह्येच ठरवायला तर तहसीलला जायचंय."

घरी बायकोनं दारातच माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फक्त एवढंच विचारलं, "कोथिंबीर?"

काही आठवड्यांनी फोन आला. अनोळखी नंबर, ओळखीचा आवाज. तात्या. म्हणाले, तहसीलला तारीख लागली आहे, तुम्हाला साक्षीला यायचंय, सायकल घेऊन या, साहेब पुन्हा जागेवर येणार आहेत. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. तेवढ्यात दुसऱ्या नंबरवरून फोन वाजू लागला. तो घेतला तर अण्णा. "पाव्हणं, तारखेला येनारच असाल तर जेवाय या येळंला आमच्याकडं. मागल्या येळंला तिकडं जेवलासा, आमी काय बोललो न्हाय." मी बरं म्हणून परत तात्यांकडे वळलो. ते लाइनवरच होते.

"तात्या, येतो मी."

"या. पन पाव्हणं, येक सांगू का? दोन दिस आदीच या मुक्कामाला. जरा सराव करू. मागल्या टायमाला लईच लवकर पडलायसा."